मला मराठी येत नाही

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, बाबांना नाही, नवऱ्याला तर नाहीच. लग्न ठरत होतं तेव्हा आम्ही एकमेकांना सगळं सांगून टाकायचं ठरवलं होतं, आणि त्या दिवशीसुद्धा मी शाळेतल्या कॉपीचा एक किस्सा सांगून वेळ मारून नेली. तो खूप हसला. मीही हसले. मग तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. शिवाय परवापासून मला एका जागी बसवत नाहीये. नोएडाच्या ऑफिसात उठून उगाच पाणी पिऊन येते, घरी आले की बाल्कनीत फेऱ्या मारते. काय झालं विचारलं की म्हणते, काही नाही यार, पाठ आखडलीय.

पाठ ठणठणीत आहे माझी.

सुरुवात कुठून करू? नावापासून करते. मी रेवती प्रधान, कॉलेजात सगळ्यांची रेवा. आजोबा सरकारी नोकरीसाठी दिल्लीला आले, बाबा इथेच जन्मले, मी वाढले द्वारकेच्या एका सोसायटीत. प्रधान हे आडनाव दिल्लीत फार सोयीचं आहे. कुणाला मी ओडिशाची वाटते, कुणाला बिहारची, आणि मी कुणाचा गैरसमज दूर करायला जात नाही. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी — त्यात कधी विचार करावा लागला नाही. आमची मराठीही कसली? ‘आई, गॅस बंद कर ना, दूध उबलतंय.’ एका सुट्टीत पुण्याच्या चुलत भावंडांनी मला मधे बसवून बोलायला लावलं होतं आणि प्रत्येक वाक्याला पोट धरून हसली होती. हे मी कारण म्हणून सांगत नाहीये हं. हसणारी भावंडं कुणाला नसतात?

इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात मला जर्मनीतल्या एका विद्यापीठात शिकायला जायला मिळालं. लहानसं शहर, मधून नदी, आणि नदीकाठी सिव्हिलची प्रयोगशाळा. जुन्या पुलांवरचा ताण कसा मोजायचा, हे तिथे शिकायचं होतं. निरनिराळ्या देशांतली आम्ही सहा-सात मुलं होतो, आणि भारतातून दोघीच. मी आणि वैशाली.

वैशाली परभणीजवळच्या एका गावातली. तिकडच्याच कॉलेजातून आली होती. पहिल्या दिवशी हॉस्टेलच्या दारात ती उभी होती — घट्ट वेणी, हातात मोठी बॅग, बॅगेला नायलॉनची दोरी आवळलेली आणि वर निळ्या पेनाने नाव-गाव लिहिलेलं. माझं नाव ऐकून तिचा चेहरा उजळला. हिंदीत म्हणाली, “प्रधान? आप मराठी हो क्या?”

आणि मी म्हणाले, “नहीं यार, दिल्ली की हूँ. मराठी नहीं आती.”

का म्हणाले? मी कितीतरी वेळा स्वतःला विचारलंय. भावंडांचं हसणं आठवलं, असं मी बरीच वर्षं मानत आले. खोटं आहे ते. मी ती दोरी बघितली होती. मला वाटलं, आता ही गळ्यात पडणार, सगळीकडे माझ्यासोबत येणार, आणि बाकीची मुलं आम्हाला एकाच गावच्या समजणार. बस, एवढंच होतं मनात. इतकं हलकं कारण होतं ते.

तिचा चेहरा पडला, पण क्षणभरच. मग ती हसून म्हणाली, कोई बात नहीं, मैं सिखाऊँगी.

आमच्या खोल्या शेजारी होत्या आणि स्वयंपाकघर एकच. ती रोज संध्याकाळी फोन साखरेच्या डब्याला टेकवून ठेवायची, स्पीकर चालू करायची, आणि कांदा चिरता चिरता आईशी बोलायची. मी समोर बसून नूडल्स खात असायचे. तिला काय वाटणार होतं? या दिल्लीवालीला कळतंय थोडंच! मला शब्द न् शब्द कळत होता. उठून जायला हवं होतं, नाही का? पहिल्या दिवशी नूडल्स गरम होत्या म्हणून बसले. दुसऱ्या दिवशी — काय सांगू, ऐकायला बरं वाटत होतं. घरापासून इतक्या लांब कुणीतरी मराठीत विचारत होतं, “जेवलीस का गं?” विचारणारी दुसऱ्याची आई होती, तरी बरं वाटत होतं.

आणि ती माझ्याबद्दल बोलायची. ते ऐकणं सगळ्यात कठीण होतं. “दिल्लीची हाय माय, पण स्वभावानं गोड हाय. मी येईपर्यंत जेवायची थांबती.” मी थांबायचे ते फोन ऐकायला. हे तिला कसं कळावं?

शिकवणीही खरंच सुरू झाली. ती मला ‘काय चाललंय’ शिकवायची, ‘भूक लागली’ शिकवायची. मी मुद्दाम चुका करायचे. केळं म्हणायला सांगितलं की ‘केला’ म्हणायचे, आणि ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची. मग रात्रीच्या जेवणाच्या वेळी आईला सांगायची, “ळ काही येईना बिचारीला.” माझ्या आजीच्या तोंडून ज्या ‘ळ’ची अंगाई ऐकत मी झोपले, तो मी विकत घेतल्यासारखा रोज थोडा थोडा, अडखळत उच्चारायला लागले. तिला इतका आनंद व्हायचा! मला स्वतःची किळस यायची का? नाही. खोटं कशाला बोलू? मजा वाटायची.

माझ्या आईचा फोन आला की मात्र मी जिना उतरून नदीकाठी पळायचे. तिथे चालत चालत, मागे वळून बघत, दबक्या आवाजात मराठी बोलायचे. आई विचारायची, धापा का टाकतेस? चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, ते मला त्या नदीकाठी कळलं.

एवढंच असतं तर आज मी हे लिहीत बसले नसते. एवढं तर मी कधीतरी हसत हसत कबूलही करून टाकलं असतं.

आता खरं ते सांगते.

प्रयोगशाळेत एक लांब तुळई होती. तिच्यावर वजन ठेवून ती किती ताणली जाते, हे आठवडेच्या आठवडे मोजत राहायचं होतं. त्यासाठी दोन बारीक पट्ट्या लावलेल्या. एक तुळईवर, ताण मोजणारी. दुसरी शेजारच्या मोकळ्या तुकड्यावर, जिच्यावर वजनच नाही. उन्हा-थंडीने दोन्ही पट्ट्या सारख्याच बदलतात, म्हणून एकीतून दुसरी वजा केली की निव्वळ ताण उरतो. कल्पना सोपी. पण आकडे रोज दुपारी थोडे हलायचे आणि संध्याकाळी जागेवर यायचे. सगळे म्हणत होते, डिंक नीट चिकटलेला नाही. दोनदा पट्ट्या बदलूनही झाल्या. आमच्या प्राध्यापक बाई — तुटक बोलणाऱ्या, पण मनाने सरळ — म्हणाल्या, सोमवारच्या बैठकीला प्रत्येकाने विचार करून या.

आणि आणखी एक गोष्ट आम्हा सगळ्यांना माहीत होती. आमच्यापैकी एकाला बाई पुढच्या वर्षी पदवी झाल्यावर मास्टर्ससाठी आपल्या गटात बोलावणार होत्या. फक्त एकाला.

वैशालीसाठी ते काय होतं, हे मला तिच्यापेक्षा जास्त नाही तरी तिच्याइतकंच माहीत होतं. रोज ऐकत होते ना! घरात काकांचा शब्द चालायचा. काकांनी सांगितलं होतं, तिकडून बोलावणं आलं तर खुशाल शीक, नाही तर गावाजवळच्या तंत्रनिकेतनात नोकरी धर, पुरे झालं शिक्षण. आई तिला रोज विचारायची, बाई काही म्हणाल्या का? रोज. आणि माझ्यासाठी ते काय होतं? हौस. मला नसतं मिळालं तर बाबांनी दुसरीकडे कुठेतरी पाठवलंच असतं.

शुक्रवारी संध्याकाळी तिने भावाला फोन लावला. मी समोरच होते, दह्याच्या वाटीत चमचा फिरवत. ती म्हणाली, “दादा, मला वाटायलंय ते डिंकाचं नाहीच. वरच्या खिडकीतून दुपारी ऊन येतंय ना, ते त्या मोकळ्या तुकड्यावरच पडायलंय. तुळई सावलीत. एक पट्टी तापती आन् दुसरी थंडच ऱ्हाती. मग वजाबाकी कशी जुळंल?”

भाऊ म्हणाला, मग सांग की बाईंना.

“दोन दिवस लॅब बंद हाय. सोमवारी बैठकीनंतर दुपारी अजून एकदा डोळ्यानं बघते, मग सांगते. इंग्रजीत नीट मांडाय पण पायजे. चुकलं तर हसतील दादा.”

तिला हसण्याची भीती वाटत होती. ती भीती माझ्याइतकी त्या खोलीत कुणाला कळली असती? आणि तरीही.

शनिवार-रविवार मी नुसती चालत होते. नदीच्या या काठाने वर, त्या काठाने खाली. तुम्हाला वाटेल मन झगडत होतं. झगडा वगैरे काही नव्हता. मी इंग्रजी वाक्यं जुळवत होते.

सोमवारची बैठक सकाळी होती. बाईंनी विचारलं, कुणाला काही सुचलं? मी हात वर केला आणि उभं राहून, फळ्यावर खिडकी काढून, ऊन कुठून येतं आणि कुठल्या पट्टीवर पडतं ते दाखवलं. छान मांडलं मी. माझी इंग्रजी चांगलीच होती. बाईंनी उठून एक पुठ्ठा घेतला आणि शिडी लावून स्वतः त्या खिडकीला बसवला. दुपारी आकडा जागचा हलला नाही. तिकडे टाळ्या वाजवत नाहीत, टेबलावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात. सगळ्यांनी ती केली. सगळ्यात जोरात वैशालीने केली.

मी तिच्याकडे बघू शकत नव्हते, पण बघितलं. तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. कुठून असणार? तिने ते फक्त मराठीत सांगितलं होतं, आणि मला मराठी येत नव्हती.

त्या संध्याकाळी तिने आईला सांगितलं, “माझ्या मनातलंच रेवानं सांगितलं बघ. मीच उशीर केला माय. हुशार पोरगी हाय पण.” आणि मग रडली. माझ्यासमोरच, कारण मला कळत नव्हतं ना. मी विचारलं, क्या हुआ? ती म्हणाली, कांदा.

जायच्या आधीच्या आठवड्यात बाईंनी माझं नाव जाहीर केलं. वैशालीने उरलासुरला रवा काढून माझ्यासाठी शिरा केला. मी तो खाल्ला. दुसऱ्यांदा मागूनही घेतला.

परतीचं विमान आमचं एकच होतं, दिल्लीपर्यंत. तिला तिथून पुढे निजामुद्दीनहून रेल्वे धरायची होती. मी आईला पुन्हा पुन्हा बजावलं होतं, घ्यायला येऊ नका, मी माझी येईन. पण द्वारकेच्या माणसांना विमानतळ म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान. बाहेर आलो तर कठड्यापलीकडून हाक आली, “रेवती! अगं ए रेवती! इकडे बघ, डावीकडे! अगं बाई, किती वाळलीस गं!”

मी काय केलं असेल? मी म्हणाले, “मम्मी, ये वैशाली है.”

आयुष्यात कधी मी आईला मम्मी म्हटलं नव्हतं. आई खळखळून हसली. “मम्मी काय गं! दोन महिन्यांत मराठी विसरलीस का?”

वैशाली माझ्याशेजारी उभी होती. मी तिच्याकडे वळले नाही. ती पुढे झाली, वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, “काकू, मी वैशाली. परभणीची.” आई तर हरखूनच गेली. “अच्छा, तू मराठी! चलो, आधी घरी. परभणीची गाडी संध्याकाळचीच असेल ना? बिल्कुल नाही ऐकणार मी.” बाबांनी तिची दोरी बांधलेली बॅग डिकीत ठेवली.

ती आमच्या घरी जेवली. वरण-भात, बटाट्याची भाजी. आई वाढत होती आणि बडबडत होती, “रेवतीने कधी सांगितलंच नाही बघ, सोबत मराठी मुलगी आहे म्हणून.” मी वरणात भात कालवत राहिले. वैशाली ताटाकडे बघत म्हणाली, “कामातून वेळच कुठं मिळायला काकू.” तिने मला सांभाळून घेतलं. माझ्याच आईसमोर, माझ्याच घरात.

निजामुद्दीनला बाबा पार्किंगमध्ये थांबले. मी बॅग घेऊन तिच्यासोबत फलाटावर गेले. गाडी लागलेली होती. डब्याच्या दारात ती थांबली आणि हिंदीत बोलली. आईशी अख्खी दुपार मराठीत बोलली होती ती. माझ्याशी हिंदीत.

“वो धूप वाली बात,” ती म्हणाली, “तुमने मेरे फ़ोन पे सुनी थी?”

ओरडली नाही. रडलीही नाही. फक्त विचारलं. तिला माझ्या तोंडून ऐकायचं होतं, हो किंवा नाही.

मी म्हणाले, “कौन-सी बात?”

तिने मान हलवली. “अच्छा,” म्हणाली, आणि आत जाऊन बसली. गाडी सुटेपर्यंत मी खिडकीबाहेर उभी होते, निरोप द्यायला आल्यासारखी. तिने बाहेर बघितलं नाही.

त्यानंतर वर्षभर वेळ होता. बाईंना चार ओळी लिहिल्या असत्या तर ती जागा तिला मिळाली असती की नाही, मला माहीत नाही. पण चार ओळी लिहायला वर्ष पुरतं. मी लिहिल्या त्या ‘मी येतेय’ एवढ्याच. गेले, शिकले, परत आले. आज पुलांवर तसल्याच पट्ट्या बसवणाऱ्या एका कंपनीत आहे. नव्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते, ऊन कुठून येतं ते आधी बघा. ती मान डोलावतात. मॅडमचा अनुभव दांडगा, म्हणतात.

वैशाली तंत्रनिकेतनात शिकवते. हे मला कसं माहीत? आईकडून. त्या दुपारी आईने तिचा नंबर घेतला होता, आणि आमची आई एकदा जोडलेलं माणूस सोडत नाही. दिवाळीला फोन, संक्रांतीला फोन. “वैशालीची मुलं तिच्यावर जीव टाकतात म्हणे,” आई सांगते. ती सुखात आहे, असं मीही मनात म्हणते, आणि म्हटल्याबरोबर स्वतःचा संताप येतो. तिचं सुख माझ्या खात्यावर जमा करायला निघालेली मी कोण?

तिने आईला कधीच काही सांगितलं नाही. इतकी वर्षं. फोन वाजला की मी उठून दुसऱ्या खोलीत जाते.

परवा आईचा वाढदिवस होता. आम्ही द्वारकेला गेलो होतो. केक कापून झाला आणि वैशालीचा फोन आला. आई स्पीकरवर बोलत होती, तिकडून ती म्हणत होती, “काकू, गुडघ्याला जपा, जिना चढू नका.” मी उठायच्या आत आईने फोन माझ्या हातात कोंबला. घे, बोल तुझ्या मैत्रिणीशी, किती वर्षांनी! सगळे बघत होते. नवराही.

मी काही बोलायच्या आधीच ती म्हणाली, “हाँ रेवा. आंटी का ध्यान रखना.”

क्षणापूर्वी काकू होती ती माझी आई. माझ्याशी बोलताना आंटी झाली. नवऱ्याने भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं, हिंदी का म्हणून. माझ्या तोंडात सगळं मराठी तयार होतं, वर्षानुवर्षांचं. मी म्हणाले, “हाँ, ज़रूर,” आणि फोन आईला परत दिला.

ती कल्पना वैशालीची होती. मी ती ऐकली, मला ती पूर्ण समजली, आणि मी ती माझी म्हणून सांगितली. फलाटावर तिने विचारलं, तेव्हा कोणती गोष्ट ते मला माहीत होतं.